हातावर चालवलेली घड्याळं

आमच्या घरातल्या बायका मनगटावर पुरुषी घड्याळं घालायच्या आणि पेडण्याच्या बाजारात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. बाबा घड्याळजी होते. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. जनेलाला, म्हणजे खिडकीला लावलेलं मेज, काचेचं एक कपाट, पेट्रोलचा वास आणि दिवसभर टिकटिक. दुरुस्त केलेलं ऑटोमॅटिक घड्याळ गिऱ्हाइकाला लगेच द्यायचं नाही, घरातल्या कुणाच्या तरी हातावर काही दिवस चालवून बघायचं, मगच द्यायचं, असा त्यांचा नियम होता. ह्या घड्याळांना चावी द्यावी लागत नाही. आत अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक इवलंसं वजन असतं. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की कमान, म्हणजे स्प्रिंग, गुंडाळली जाते. मेजावर नुसतं ठेवून दिलं तर साधारण दीड दिवसात घड्याळ बंद. “हात थांबलो काय घड्याळ थांबता,” हे बाबांचं वाक्य आम्हाला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं.

त्यामुळे आमच्याकडे घड्याळ चालवणं हे पाणी भरण्यासारखं, केर काढण्यासारखं घरकाम होतं. आई रगड्यावर हुमणाचं, माशांच्या आमटीचं, वाटण वाटायला बसली की उजव्या हातात एखाद्या भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं सोनेरी घड्याळ, आणि ते हळदीच्या पाण्यात बुडू नये म्हणून कोपरापर्यंत सरकवलेलं. तिच्या हाताखालचं घड्याळ नेहमी जरा पुढे जायचं. बाबा म्हणायचे, ह्या बाईच्या हातात काळसुद्धा धावतो. एकदा मुख्याध्यापकांनी आपलं घड्याळ नाकाशी नेऊन विचारलं होतं की ह्याला सुक्या बांगड्याचा वास कसा येतो. बाबांनी अगदी गंभीर चेहऱ्याने तेलाचा गुण असल्याचं सांगितलं. आई आत तोंडात पदर कोंबून हसत होती. मी म्हापशाच्या कॉलेजात जायची तेव्हा बसच्या दांड्याला धरलेल्या माझ्या हातावर कुठल्या तरी तलाठ्याचं घड्याळ असे. सायकलवरून फिरणारा माझा मोठा भाऊ दत्तादादा एका वेळी दोन चालवायचा, दोन्ही हातांत एकेक. पोदेर पाव द्यायला यायचा, तो दादाला दोन्ही घड्याळांतला वेळ विचारून फरक पडतो का ते बघायचा.

बाबा नुसते दुरुस्त करणारे नव्हते, जमवणारेही होते. पोर्तुगीज अमदानीत आमच्या भागात स्विस घड्याळं स्वस्तात आली होती, आणि कितीतरी घरांत ती बंद पडून पेटीच्या तळाशी होती. बाबा ती मिळवायचे. त्यांतलं कुठलंही ते विकायचे नाहीत. ती उघडायची, धुवायची, एकाचं चाक दुसऱ्याला लावून बघायचं, हा त्यांचा विसावा. त्यांना वाटे, दादा पुढे मेजावर बसेल. दादाला मेजावर बसवलं की तो चिमट्याने स्क्रू उडवायचा आणि मग सगळं घर जमिनीवर ओणवं. त्याला मोकळी हवा हवी होती. एक दिवस तो आमोण्याला जाऊन मांडवीवरच्या खनिजाच्या बार्जीवर खलाशी लागला. बाबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि पुढेही बोलायचे ते जेवणापुरतं. मात्र त्याच्या लग्नात त्यांनी आपल्या जमवणीतलं एक घड्याळ त्याच्या हातात घातलं. दोन बंद घड्याळांतून त्यांनी ते एक जुळवलं होतं. पाणी शिरू नये म्हणून मागच्या झाकणाला नवी रिंग बसवली होती, आणि पट्टा मुद्दाम ताणता येणारा, स्टीलचा. घालायला सोपा म्हणून तसला. त्या पट्ट्याचं मला पुढे किती वाईट वाटलं, ते लिहिता येत नाही.

वहिनी कोरगावची. प्रमिला तिचं नाव. काजूच्या बागेत वाढलेली, उंच, चटकन हसणारी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईने तिच्या हिरव्या चुड्याच्या वर कुणा इन्स्पेक्टरचं भलंमोठं घड्याळ चढवलं तेव्हा ती माझ्याकडे असं बघत राहिली, की ही माणसं ठीक आहेत ना. महिन्याभरात मात्र घड्याळाशिवाय तिला हात उघडा वाटायला लागला. दादा आठवड्याला एक दिवस घरी यायचा. त्या दिवशी ती उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर त्याच्यासाठी वेगळं सुकट भाजायची. तो जेवताना ती त्याच्या मनगटावरचं घड्याळ फिरवून बघायची आणि म्हणायची, बरोबर चालतं म्हणजे काम करतात, झोपा नाही काढत.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी नदीवर धुकं धरायचे ते दिवस. दादाच्या बार्जीचा तांडेल, म्हणजे बार्ज चालवणारा मुख्य माणूस, आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि आत येईना. वेंगुर्ल्याकडचा, वयस्क, तोंडातून शब्द निघायला वेळ लागणारा. आमोण्याच्या धक्क्यावरून खनिज भरून बार्ज सुटली, धुक्यात काही दिसत नव्हतं, थोड्या वेळाने बघितलं तर दत्ता बार्जीवर नव्हता. कुणी पडताना बघितलं नाही, कुणी आवाज ऐकला नाही. आई त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिली की बघितलं नाही म्हणजे पडला कशावरून. होड्या घालून शोध चालू होता. बाबा आमोण्याला गेले, चार दिवस काठावर बसून रिकामे परत आले. आमच्या घरात चूल पेटायची, भात शिजायचा, तसाच राहायचा. वहिनी कुणाशी बोलत नव्हती. टिकटिक मात्र नेहमीसारखीच चालू होती आणि मला ती सगळी घड्याळं रस्त्यावर फेकावीशी वाटत होती.

आठवडा झाला असेल, तांडेल पुन्हा आला. ह्या वेळी तो आत आला आणि त्याने मेजावर रुमालाची पुरचुंडी सोडली. दादाचं घड्याळ होतं. धक्क्यापासून बऱ्याच खाली, पलीकडच्या काठाला, खारफुटीत एक जुनी होडी बांधलेली असते. तिच्या दोरीला ते होडीवाल्याला मिळालं होतं. बाबांनी ते उचललं, सवयीने कानाला लावलं, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. ते चालत होतं. त्यांनी कपाटातल्या मोठ्या घड्याळाशी वेळ ताडून बघितली. वेळ जवळजवळ बरोबर होती. म्हणजे दादा नाहीसा झाल्यापासून ते एकदाही थांबलं नव्हतं.

“थांबूकच ना,” बाबा म्हणाले. मग त्यांनी आईकडे बघितलं. “कोणाच्या तरी हातार आसलां हें. तेच्याच हातार. तो आसा.”

आमच्या घराबाहेरच्या कुठल्याही माणसाने ह्यावर दहा शंका काढल्या असत्या. आम्ही एकही काढली नाही. चालतं घड्याळ म्हणजे हलता हात, हे आम्ही लहानपणापासून स्वतःच्या मनगटावर चालवून शिकलो होतो. आईने बाबांचे दोन्ही हात धरले आणि ती मोठ्याने रडली, आठ दिवसांत पहिल्यांदा. दादा पोहून काठाला लागला, डोक्याला मार लागून भान हरपलं असेल, किंवा बापाशी पटत नाही म्हणून कुठे निघून गेला असेल, जाताना बापाचं घड्याळ होडीला अडकवून गेला असेल, अशी एकेक जुळणी त्याच दुपारी झाली. ही शेवटची जुळणी बाबांचीच होती, आणि ती त्यांना सर्वांत खरी वाटत होती. तांडेल चुळबुळत होता. होडीजवळ खोल आहे, तिथे जाळी टाकून बघायला माणसं तयार आहेत, उद्या टाकू का, एवढं त्याला विचारायचं होतं.

“न्हंयत सोदू नकात,” बाबा म्हणाले. “माझो झील न्हंयत ना.”

बापाचा शब्द. नदीतला शोध त्या दिवसापासून बंद झाला.

नंतरचे दोन महिने मला नीट सांगता येत नाहीत, कारण त्यांत रोज तेच घडत होतं. दुकान बंद. बाबा दादाचा लग्नातला फोटो घेऊन हिंडत होते. डिचोलीची इस्पितळं, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याचं बंदर, देवळांच्या धर्मशाळा. पाय सुजवून परत यायचे, मीठ-पाण्यात पाय सोडून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिली बस धरायचे. कुणीतरी म्हणायचं अमक्या गावात एक वेडसर तरुण दिसला, की बाबा तिकडे. आणि घरात आईने एक नवाच नेम घालून दिला. दादाचं घड्याळ थांबता कामा नये. दिवसा ते वहिनीच्या हातावर, ती आंघोळीला गेली की आईच्या, मी कॉलेजातून आले की माझ्या. ते काढून खाली ठेवलेलं आईला चालत नसे. आम्ही एकमेकींच्या हातातून ते घेत होतो, तेव्हा एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतो. आई बाजारातून वहिनीसाठी नवं कुंकू आणायची, शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची की माझी सून सवाष्ण आहे. वहिनी कुंकू लावायची, पण तिचं हसणं संपलं होतं.

एकदा विहिरीवर आम्ही दोघीच असताना ती मला म्हणाली, “शालू, भांडाण बाबांकडे हुता. माझ्याकडे नाय. ते खंय असते तर माका कायतरी कळयले नसते?” मी काहीतरी पोकळ बोलले. माझा बाबांवर विश्वास होता. घड्याळाच्या बाबतीत बाबा चुकलेले मी कधी बघितले नव्हते.

मग एक दिवस तिने आईला सांगितलं की ती होडी तिला बघायची आहे. आईला वाटलं, नवस वगैरे बोलायचा असेल. माझी एक चुलत आत्या आमोण्याला काठावरच राहायची, तिच्याकडे चार दिवस राहून या, असं आई म्हणाली. निघताना तिने वहिनीच्या हातातलं घड्याळ चाचपून बघितलं आणि बजावलं की काढायचं नाही. म्हापसा, डिचोली असं करत आम्ही आमोण्याला पोचलो. होडीवाला साधा माणूस, आम्हाला पलीकडे घेऊन गेला. होडी खारफुटीच्या बुंध्याला बांधलेली, दोरी पाण्याला टेकलेली, दोरीच्या गाठीत जाडसर तार घातलेली आणि तिचं टोक बाहेर आलेलं. घड्याळ नेमकं कुठे होतं असं वहिनीने विचारलं. त्याने तारेचं टोक दाखवलं, पट्टा खालून, पाण्याच्या बाजूने अडकला होता म्हणाला. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने हातातलं घड्याळ काढलं, पट्टा ताणला आणि त्या टोकाला अडकवला. मी तिचा हात धरला. थांबलं तर आईला काय सांगायचं, असं काहीतरी मी म्हणाले असणार.

“थांबलां तर बाबांचा खरां,” ती म्हणाली. “माका बघूक व्हया.”

तेव्हा मला कळलं की तिच्या मनात काय आहे. बाबांचं खरं असेल तर घड्याळ दीड दिवसात थांबायला हवं. तिथे ते चालवायला कुणाचा हात नव्हता. थांबलं, तर दादा जिवंत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादं घड्याळ बंद पडावं म्हणून देवाला हात जोडले.

आत्याच्या परसातून पलीकडची होडी दिसायची. आत्या बिचारी पोरी दमल्या म्हणून आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या आणि नदीतल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं वाढायची. वहिनी दोन घास खाऊन परसात जाऊन बसायची. लाल खनिजाने भरलेल्या बार्जी दिवसभर जात-येत होत्या. बार्ज पुढे निघून गेली की तिच्यामागून लाट यायची, तिरकी, काठापर्यंत. होडी मान हलवायची. दोरी ताणायची, सैल व्हायची, पुन्हा ताणायची. दोरीला अडकलेलं घड्याळ एवढ्या लांबून दिसत नव्हतं, पण ते हलत असणार हे कळायला घड्याळजीच्या मुलीला दिसण्याची गरज नव्हती. भरतीला हलत होतं, ओहोटीला हलत होतं. दादाची स्वतःची बार्जसुद्धा त्या पहिल्या आठवड्यात तिथून रोज गेली असेल.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पलीकडे गेलो. तिने तारेवरून पट्टा सोडवला, घड्याळ पदराला पुसलं आणि आधी माझ्या कानाला लावलं, स्वतःच्या नाही. ते चालत होतं. मी रडायला लागले. ती काठावरच्या चिखलात खाली बसली, साडीची पर्वा न करता, आणि पाण्याकडे बघत राहिली. होडीवाल्याला वाटलं की घड्याळ बिघडलं. तो म्हणाला, पेडण्याला चांगला घड्याळजी आहे असं ऐकलंय.

हल्ली एक पेटी मिळते. विजेवर चालते. तिच्यात ऑटोमॅटिक घड्याळ ठेवलं की ती आपली हळूहळू फिरत राहते आणि घड्याळ महिनोन्‌महिने चालतं, माणसाचा हात लागत नाही. बाबांच्या मेजावर आता मी बसते. आजोबांची घड्याळं घेऊन नातू येतात, जुनी घड्याळं जमवणारे हौशी लोक तर पार पुण्याहून येतात. त्यांतल्याच एकाने मोठ्या प्रेमाने मला तसली पेटी आणून दिली. मी ती त्याला तशीच परत केली. तो नाराज झाला. मी कारण सांगितलं नाही.

त्या दिवशी आमोण्याहून परतीच्या बसमध्ये वहिनीने घड्याळ हातात घातलं नाही, मुठीत धरून ठेवलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा दुपारची जेवणं व्हायची होती. बाबा योगायोगाने घरी होते. आई दारातच पुढे झाली आणि म्हणाली, चालतंय ना. वहिनीने ते तिला न देता बाबांच्या समोर मेजावर ठेवलं. बाबांनी उचलून कानाला लावलं, वेळ बघितली, बरोबर आहे म्हणाले.

“बाबा, हें तीन दीस कोणाच्याच हातार नव्हता,” वहिनी म्हणाली. “होडयेच्या दोरयेक हुता. जंय गावललां थंय.”

बाबांचा हात कानाशीच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळ उघडायचे, दोष सापडायचा, आणि मग क्षणभर ते एकदम शांत व्हायचे. तसेच ते शांत झाले. बार्जीच्या लाटा, दोरी, होडी, काही त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. दोन महिने जे त्यांच्यातल्या बापाने घड्याळजीला बघू दिलं नव्हतं, ते त्यांनी त्या एका क्षणात बघितलं. त्यांनी घड्याळ खाली ठेवलं आणि आईकडे न बघता बोलले.

“तो त्याच दिसा गेलो. घड्याळ न्हंयन चलयलां.”

आई धावली ती घड्याळाकडे. ते उचलून ती हातात चढवणार, तेवढ्यात बाबांनी तिचं मनगट धरलं. आमच्या घरात बाबांनी आईचा हात असा कधी धरला नव्हता. ती ओरडली नाही. तिची बोटं हळूहळू सैल झाली. घड्याळ मेजावर राहिलं आणि आम्ही चौघं त्याच्या भोवती घरभर वावरत राहिलो. दुसऱ्या दिवशी ते चालत होतं. आई मध्येच येऊन कान लावायची आणि परत आत जायची. त्याच्या पुढच्या सकाळी ती आली, वाकली, तशीच वाकलेली राहिली. मग तिने भटजींना बोलवायला सांगितलं.

प्रेत नसलेल्या माणसाचे विधी दर्भाचा पुतळा करून करतात. ते झाले. शेजारच्या बायका जमल्या आणि त्यांनी वहिनीचं कुंकू पुसलं, चुडा फोडला. दोन महिने तिला सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या ह्याच बायका. त्यांचा मला अजून राग आहे, आणि त्यांतल्या बहुतेक आता हयात नाहीत तरी तो गेलेला नाही. तांडेल तेराव्याला आला होता. आता जाळी टाकून काही उपयोग आहे का, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पुढे बाबांनी दुकान उघडलं. ऑटोमॅटिक घड्याळं ते घ्यायचे नाहीत. म्हापशाला जा म्हणायचे.

वहिनीला न्यायला तिचा भाऊ आला. तिने इथेच राहावं असं आईला वाटत होतं, पण तशी मागणी कुठल्या तोंडाने करायची ते तिला कळत नव्हतं. बस थांब्यावर मी आणि बाबा पोचवायला गेलो. कोरगावची बस उशिरा येत होती. बाबा सगळा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. बस वळणावर दिसली तेव्हा ते तिच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “ता घड्याळ तेणें काढून अडकयललां नाय. होय ना? तू गांठ पळयलीस.”

“नाय,” वहिनी म्हणाली. “तारेन पट्टो खालसून धरललो. उदकातसून हात वर केल्लो तेंनी, मगे पट्टो ताणून हात सुटलो. दोरी गावलली तेंका, बाबा.”

तिला हे पहिल्या दिवसापासून, त्या गाठीवर वाकली तेव्हापासून माहीत होतं. इतके दिवस तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. बस येऊन थांबली. तिच्या भावाने ट्रंक वर चढवली. बाबांनी दाराच्या दांड्याला धरून तिची वाट अडवल्यासारखं केलं, कंडक्टर त्यांच्यावर खेकसला, तरी ते हलले नाहीत.

“किती वेळ धरून रावलो आसतलो गो?” त्यांनी विचारलं.

“ता घड्याळ सांगना, बाबा,” वहिनी म्हणाली, आणि त्यांच्या हाताखालून वाकून बसमध्ये चढली.